आधी कारण, मग सील: जुन्या जिप्सीच्या पुढच्या हबची गळती

पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला काळपट, चिकट ओघळ दिसला की गॅरेजात निदान ठरलेलं असतं: "सील गेलं." निदान चूक नसतं, अर्धवट असतं. चांगलं सील आपणहून जात नाही, त्याला कुणीतरी घालवतं. ब्रीदर बुजलेला असतो, बेअरिंग ढिलं झालेलं असतं, ॲक्सलच्या टोकाच्या लोखंडी गोळ्यावर गंजाचे खड्डे पडलेले असतात, नाहीतर गाडी रोज उतारावर आडवी उभी राहत असते. ते तसंच ठेवून नवं सील ठोकलं की पुढच्या पावसाच्या आत ओघळ पुन्हा त्याच जागी.

खालचं वर्णन मुख्यतः मारुती जिप्सीचं आहे, १९८५ साली आलेल्या पहिल्या गाडीपासून जिप्सी किंगपर्यंतचं. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. दोन्हींत समान गोष्ट म्हणजे बंद नकल, चाक वळवणारा झाकलेला सांधा. ॲक्सलच्या नळीच्या टोकाला सोललेल्या नारळाएवढा पोकळ लोखंडी गोळा असतो. त्यावर नकलची वाटी वरच्या आणि खालच्या किंगपिनवर, म्हणजे खुंट्यांवर, डावी-उजवीकडे फिरते. गोळ्याच्या पोटात शाफ्टचा सांधा आणि ग्रीस. जिप्सीत हा सीव्ही जॉइंट, जीपमध्ये बहुतेक क्रॉसचा.

या सगळ्यात तेल-ग्रीस अडवणाऱ्या जागा चार. पहिली नळीच्या तोंडाशी, आत: डिफरन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गियरपेटीचं, पातळ तेल नकलमध्ये येऊ न देणारं ॲक्सल सील. दुसरी नकलच्या पाठीमागे: गोळ्याला पुसत फिरणारी मोठी रबरी रिंग, तिच्या मागे नमद्याची (फेल्टची) पट्टी आणि ते दाबून धरणारी पत्र्याची कडी. तिसरी हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मागच्या तोंडाशी, चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस ब्रेकवर जाऊ नये म्हणून. चौथी सगळ्यात बाहेरची, शाफ्टची ताकद चाकाला देणाऱ्या ड्राइव्ह फ्लँजच्या किंवा फ्री-व्हील हबच्या खालचं कागदी पॅकिंग.

ओघळ कुठला ते आधी ओळखायचं

काही उघडण्याआधी बोट लावायचं आणि वास घ्यायचा. गियर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. नकलच्या मागून पातळ, हा वास असलेलं काळं पाणी टपकत असेल तर मोठ्या रबरी रिंगला दोष देऊ नका. आतलं ॲक्सल सील गेलंय, डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये आलंय, ग्रीस त्यात विरघळून आमटी झालीय. बाहेरची रिंग ग्रीस अडवायला केलेली असते, तेल नाही. कितीही नवी बसवली तरी ती गळणारच.

पक्कं करायला डिफरन्शियलचा लेव्हल बोल्ट काढून बघा. सपाट जागी उभ्या गाडीत तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. करंगळी घालूनही तेल लागत नसेल तर ते कुठे गेलं ते कळलंच.

जाड ग्रीसच बाहेर येतंय, वास नाही, आणि गोळ्याच्या एकाच बाजूला जास्त साचलंय? मग गोळा नाहीतर किंगपिन. ब्रेक डिस्कच्या आतल्या अंगाला, कॅलिपरवर ग्रीस उडालंय? हबचं सील. रिमच्या बाहेरच्या तोंडावर मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखे डाग फाकलेत? फ्लँजचं पॅकिंग किंवा तिचे ढिले बोल्ट. हे काम अर्ध्या तासाचं, चाकही काढावं लागत नाही.

ओघळ पातळ आहे, वास गियर ऑइलचा नाही, रंग उडवतोय आणि ब्रेकच्या डबीतली पातळी उतरतेय, तर गोष्टच वेगळी. ते ब्रेक ऑइल. गाडी तिथेच उभी करा आणि आधी ब्रेक बघा.

सगळंच माखलेलं असेल तर डिझेल आणि ब्रशने धुऊन, पुसून, कोरडं करून त्या भागावर साधी टाल्कम पावडर मारायची. दहा-पंधरा किलोमीटर फिरून आलं की पांढऱ्यावर पहिली काळी रेघ कुठून निघते ते दिसतं. ही युक्ती तिठ्यावरच्या पोराटोरांनाही माहीत आहे, पण घाईत कुणी करत नाही.

आता चाक उचला. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी टायर धरून आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही राहिला तर तो किंगपिनचा. या एका चाचणीवर पुढचं सगळं काम ठरतं. बेअरिंग ढिलं असलं की हब दर फेऱ्याला सीलचा ओठ एका बाजूला दाबतो आणि दुसऱ्या बाजूला उघडतो. किंगपिन ढिला असला की वाटी गोळ्यावर मध्यात राहत नाही, रिंग एकीकडे चेपते आणि दुसरीकडे फट पडते. स्टिअरिंगला ठरावीक वेगात थरथर येत असेल तर हा दुसरा संशय बळकट.

घालवणारे

ॲक्सलवर एक छोटी टोपी असते, करंगळीच्या टोकाएवढी. तो ब्रीदर. घाट चढून आल्यावर ॲक्सल तापतो. आतली हवा ३० अंशांवरून ८० वर गेली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली तर दाब साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. जुन्या, कडक झालेल्या ओठाला तेवढा दाब पेलत नाही. तेल नळीतून नकलमध्ये ढकललं जातं. उलटंही तितकंच वाईट. आंबा घाट नाहीतर कुंभार्ली उतरून ब्रेकने तापलेला हब तसाच व्हाळाच्या गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते. दुधाळ तेल हे त्याचंच.

ब्रीदर बुजवणारे दोघे: तांबडी माती आणि कुंभारमाशी. माशीला तेवढं भोक घर करायला अगदी मापाचं वाटतं. टोपी बोटाने फिरून वर-खाली हलली पाहिजे. हलत नसेल तर काढून डिझेलमध्ये भिजवायची, तरी नाही सुटली तर नवी. पाण्यातून नेहमी जाणाऱ्या गाडीत टोपीऐवजी नोझल लावून तेलाला टिकणारी रबरी नळी इंजिनच्या खोलीत उंचावर नेऊन बांधतात. मला विचाराल तर गळतीवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच.

दुसरा घालवणारा म्हणजे उतार. कोकणात घराजवळ सपाट जागा नशिबाने मिळते. गाडी उताराला आडवी लावली की तेल खालच्या बाजूच्या नळीत जाऊन रात्रभर सीलवर उभं राहतं. वर्षानुवर्षं एकाच बाजूचं सील जात असेल तर गाडीकडे नाही, लावायच्या जागेकडे बघा. डिफरन्शियलमध्ये प्रमाणापेक्षा जास्त तेल भरलं की हेच होतं. जिप्सीच्या पुढच्या डिफरन्शियलला २ लिटर लागतं, ८०डब्ल्यू-९० जीएल-५. मागच्याला दीड. दोन्हीत सारखंच भरणारेही भेटतात.

तिसरा, आणि इथला खास: गोळ्यावरचा गंज. पावसात गाडी दोन-तीन महिने उभी राहते. चाकं सरळ असताना गोळ्याचा जो भाग उघडा राहतो त्यावर खारी, दमट हवा काम करते. गणपतीला गाडी बाहेर निघते, पहिलंच वळण घेताना तो खरबरीत गंज रबरी रिंगखाली जातो आणि कानशीसारखा तिला घासतो. हा घोटाळा एका वळणात होतो.

उघडताना

लागणारा माल एकाच फेरीत आणलेला बरा, कारण हब उघडा टाकून तालुक्याला धावणं म्हणजे आत धूळ आणि कोंबडी दोन्ही. दोन्ही बाजूंसाठी: ॲक्सल सील २, हब सील २, नकलचा रबर-नमदा-कडीचा सेट २, फ्लँजची पॅकिंग २, हब नटांमधले लॉक वॉशर २, सर्क्लिप २, ग्रीस १ किलो, गियर ऑइल २ लिटर, ब्रेक क्लीनरचा एक डबा, ४०० आणि ८०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर. बेअरिंग उघडून बघितल्यावर ठरवायची; पण पाण्यात गेलेली गाडी असेल तर आधीच आणून ठेवा. सीलवर माप छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा, जाडी. जुन्याचं माप वाचून नव्याशी ताडायचं, डबीवरच्या गाडीच्या नावावर विसंबायचं नाही.

सारवलेल्या खळ्यात जॅक रुतत जातो, त्याखाली जाड फळी घाला. मागच्या चाकांना ओट, म्हणजे अडवणारा दगड, लावा, गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकाचे १९ नंबरचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. आता सगळ्यात महत्त्वाचं: जांभ्याचा चिरा गाडी टेकवायची घोडी म्हणून वापरू नका. घराच्या भिंतीत तो पिढ्यानपिढ्या उभा राहतो, कारण तिथे भार सगळीकडून सारखा पसरतो. ॲक्सलच्या गोल नळीचा भार एका रेषेवर येतो आणि भोकाभोकांचा चिरा काही न सांगता दुभंगतो. लोखंडी घोडी स्प्रिंगच्या बैठकीजवळ ॲक्सलखाली लावायची आणि चाक काढून तेही गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं.

डिफरन्शियलचं तेल काढायचं नसेल तर ज्या बाजूचं काम आहे ती बाजू चांगली उंच ठेवा, तेल पलीकडे राहतं. पाणी गेल्याचा संशय असेल तर मात्र काढाच. रात्रभर उभ्या गाडीचा खालचा बोल्ट जरा सैल केला की आधी पाणी येतं, कारण ते तेलापेक्षा जड. आणि खालचा उघडण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय ना ते बघा. गंजलेला वरचा बोल्ट सुटला नाही आणि तेल मात्र सांडून गेलं, ही फजिती टाळता येते.

कॅलिपर काढून तारेने लीफ स्प्रिंगला टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. डिस्क गंजून बसली असेल तर तिच्यातल्या आट्याच्या भोकांत ८ मिमीचे दोन बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा, ती स्वतःहून पुढे येते. शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (अडकवलेली कडी), फ्लँज, मग लॉक वॉशरचा वळवलेला कान सरळ करून दोन मोठे नट.

हे नट बहुतेक गाड्यांत छिन्नीने मारून सोडवलेले आणि छिन्नीनेच आवळलेले असतात. कडा बघितल्या की कळतं. छिन्नीचा तुटका कण बेअरिंगमध्ये गेला की त्याचं आयुष्य संपलं, आणि छिन्नीने किती आवळलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. नट लेथवाल्याकडे नेऊन दाखवला तर तो जाड पाइपाच्या तुकड्यातून नेमका बसेल असा पाना करून देतो. एकदाच करायचा खर्च.

हब ओढताना बाहेरचं बेअरिंग सुटून खाली पडतं, तळहात पुढे धरा. मागचं सील उचकटून आतलं बेअरिंग काढा आणि सगळं डिझेलमध्ये धुऊन उजेडात बघा. रोलरवर किंवा कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर, तपकिरी ठिपके म्हणजे पाणी. निळसर-जांभळी झाक म्हणजे जास्त आवळल्याने किंवा ग्रीस संपल्याने तापलंय. नखाला लागणारा खड्डा असला की बदलायचंच, आणि बदलताना कोन (रोलरसकट आतली कडी) आणि कप दोन्ही. जुन्या कपात नवा कोन घालून चार पैसे वाचवणारा दोन महिन्यांत परत हब उघडतो. विलीजच्या घराण्यातल्या जीपमध्ये चाकाच्या बेअरिंगचा कोन १८५९० आणि कप १८५२०, आतला आणि बाहेरचा सारखाच, हे एक सुख आहे.

कप पितळी सळीने, आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंवर ठोकून काढा. नवा बसवण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. ६० मिमी व्यासाचा पोलादी कप पन्नास अंशांनी गार झाला की साधारण तीन-चार शतांश मिलिमीटर आकसतो, तेवढ्याने तो हबमध्ये बराच सहज उतरतो. फक्त इथल्या हवेत बाहेर काढल्याबरोबर त्यावर दव धरतं. म्हणून गोठवण्याआधीच तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि बसल्यावर पुसून पुन्हा तेल. नाहीतर नव्या कपाच्या पाठीला पहिल्याच दिवशी गंज.

स्पिंडल, म्हणजे हब ज्यावर फिरतो तो पोकळ दांडा, त्याचे बोल्ट काढून रबरी हातोड्याने चहूकडून हळू ठोकला की सुटतो. त्याच्या आतली ब्राँझची बुश बघा. शाफ्ट तिच्यात खडखडत असेल तर सीलसमोर शाफ्ट डुलतो आणि सील पुन्हा जाणार. मग शाफ्ट सरळ, आधार देत बाहेर. डावा-उजवा शाफ्ट सारख्या लांबीचा नसतो, अदलाबदल होत नाही.

गोळा आणि किंगपिन

रबरी रिंग अखंड असते, म्हणून ती बदलायला किंगपिन काढून नकल उतरवावीच लागते. रिंगला काप देऊन वरून घालणारे आहेत. काप वरच्या बाजूला ठेवून ती काही महिने निभावते, पण त्या कापातून पहिलं जे आत जातं ते पुळणीवरचं बारीक वाळूचं पीठ. पुळणीवर किंवा खाडीकाठी जाणाऱ्या गाडीत हे करू नये.

वरच्या किंगपिनखालचे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, वेगळ्या पिशवीत, खालच्याचे वेगळ्या. मिसळले की वाटी गोळ्याच्या वर-खाली सरकते.

गोळा सोडणाने आणि डिझेलने घासून काढा; नारळाचं सोडण तारेच्या ब्रशपेक्षा बरं, ओरखडे पाडत नाही. मग ४०० चा पेपर, नंतर ८०० चा, फिरण्याच्या दिशेने. डोळे मिटून बोटाचं टोक फिरवा. बोट अडतं तिथे खड्डा. बारीक खड्डे चालतात. खोल असतील तर दोन नळ्यांचा धातूचा एपॉक्सी भरून, २४ तास सुकवून, पुन्हा पेपरने गोळ्याच्या वळणाला मिळवून घ्या. गंज पूर्ण काढल्याशिवाय आणि ब्रेक क्लीनरने तेलकटपणा घालवल्याशिवाय एपॉक्सी धरत नाही.

शाफ्टवर जिथे सीलचा ओठ चालतो तिथेही नख फिरवा. चरा असेल तर नवं सील त्याच चऱ्यात बसून तसंच गळेल. नव्या सीलला घरात दीड-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसायला जागा असेल तर तसं बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर चालेल. नसेल तर शाफ्ट लेथवर भरून घासून घ्या.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू ज्याला अडवायचंय त्याच्याकडे. ॲक्सल सीलची स्प्रिंग डिफरन्शियलकडे. कोरडं बसवू नका, ओठाला ग्रीस लावा. ठोकायला जुनंच सील उलटं ठेवून त्यावर ठोका, मापाचा ठोकणा आयता मिळतो. आणि मग शाफ्ट परत घालताना बहुतेक जण केलेल्या कामाची माती करतात: शाफ्टच्या टोकाचे धारदार स्प्लाइन, म्हणजे उभे दाते, नव्या ओठावरून खरवडत जातात. टोकाला प्लॅस्टिकची पातळ पिशवी गुंडाळणारे आहेत, पण ती नंतर बाहेर ओढता येत नाही, आतच राहते; त्यापेक्षा स्प्लाइनच्या खाचा घट्ट ग्रीसने काठोकाठ भरा. मोकळ्या हाताने शाफ्ट उचलून धरत, सीलवर वजन न टाकता आत सरकवा.   शाफ्ट धरायला दुसरा माणूस घ्या.

नकल बसवल्यावर रबरी रिंग जोडण्याआधी किंगपिनचा ताण मोजायचा. यासाठी मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा उत्तम. टाय-रॉड जिथे बसतो त्या भोकात हुक अडकवून काटकोनात ओढा. नकल हलायला लागते त्या क्षणी काटा १ ते १.८ किलोच्या मध्ये हवा. कमी असेल तर एक शिम काढा, जास्त असेल तर घाला. रिंग लावून मोजलं तर तिचंही घर्षण धरलं जातं आणि आकडा फसवा येतो.

ग्रीस

इथे बंदरावरचा एक समज अडचणीत आणतो. ट्रॉलरला वापरतात ते साधं कॅल्शियम ग्रीस पाण्याने धुऊन जात नाही, मग हबला तेच घालावं असं वाटतं. पण ते शंभर अंशांच्या आसपास वितळतं. घाटात ब्रेकने तापलेल्या हबमध्ये त्याचं पाणी होतं आणि सील चांगलं असूनही सगळं डिस्कवर. हबला लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ नंबरचं. खारं पाणी नेहमीचं असेल तर कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स सरस; नाव सारखं वाटलं तरी ते साध्या कॅल्शियमचं भावंड नव्हे. सीव्ही जॉइंटला मॉलिब्डेनम असलेलं. एकात दुसरं मिसळू नका, दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊ शकतात. जुनं शेवटच्या कणापर्यंत धुऊन मगच नवं.

बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन रुंद बाजूने दाबत भरायचं, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून शेवयांसारखं वर येईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र अर्ध्याहून कमी. ठासून भरलेलं ग्रीस तापून फुगतं आणि सीलमधून वाट काढतं. जीपच्या नकलला भरायचा बोल्ट असतो. तिथे गन लावून "बाहेर येईस्तोवर मारा" म्हणणारे गळती स्वतःच सुरू करतात. दोन-तृतीयांश पुरे.

आवळणी

चाकाच्या बेअरिंगचा आतला नट हब हाताने फिरवत ८० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण सैल. मग पुन्हा १० ते १५. टॉर्क पाना नसेल तर तोच मासळीचा काटा: पान्याच्या दांड्यावर नटाच्या मध्यापासून २५ सेंटिमीटरवर हुक अडकवून ५ किलो ओढलं की १२ न्यूटन-मीटर होतात. पहिल्या आवळणीला ५० सेंटिमीटरवर १६ किलो. लॉक वॉशर, बाहेरचा नट ६० ते ९०, आणि आता पुन्हा मोजायचं, कारण बाहेरचा नट आतल्याला जरा दाबतोच. चाकाच्या एका बोल्टला हुक अडकवून ओढल्यावर हब १ ते ३ किलोच्या दरम्यान फिरायला लागला पाहिजे. कॅलिपर तोवर लावू नका. जीपची जुनी रीत वेगळी: चाक फिरायला अडेपर्यंत आवळायचं आणि एक-षष्ठांश फेरा मागे घ्यायचं. झालं की वॉशरचा कान नटाच्या सपाट बाजूवर वळवा. एकदा वळवलेला कान दुसऱ्यांदा वापरला की तुटतो, म्हणून वॉशर नवा.

ग्रीस लागलेले ब्रेक पॅड धुऊन किंवा जाळून परत लावायचे नाहीत, तापल्यावर आतलं ग्रीस पुन्हा बाहेर येतं. जीपच्या ड्रममधल्या लायनरचंही तसंच, आणि बदलताना दोन्ही चाकांचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. जुन्या लायनरची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

पंधरा-वीस किलोमीटर सपाट रस्त्याने, ब्रेक कमी वापरत फिरून या आणि हाताची पाठ दोन्ही हबना लावा. कोमट ठीक. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तो जास्त आवळलाय, घाटात न्यायच्या आधी सैल करा. पाचशे किलोमीटरनंतर बारा-सहाची चाचणी पुन्हा, नवे कप तेवढ्यात थोडे बसतात.

मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गोळा बघा. त्यावर तेलकट चकाकी दिसली तर रिंग बरोबर चालतेय. पूर्ण कोरडा गोळा चांगला नसतो, तो गंजतो. खालच्या कडेला थेंब धरला असेल तर बोटावर घेऊन पुन्हा वास घ्या. उग्र वास आला तर शाफ्ट घालताना आतला ओठ खरवडलाय. वास नसेल तर पत्र्याच्या कडीचे बोल्ट बघा, पहिल्या आठवड्यात नमदा चेपून ते सैल पडतात.